ज्योत बघायचं भोक

रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये इक्लास दळवी
बोनेटवर आधी फडकं अंथरतो, मग लॅपटॉप ठेवतो,
आणि विचारतो, बोला, कसं करायचं?

एक डबी आहे. वायरींच्या मध्ये बसते.
सेन्सरचा निरोप वाटेत अडवते,
ईसीयूला जाऊन वेगळंच सांगते.
दाब कमी आहे, म्हणते. नसतो.
तो बिचारा विश्वास ठेवतो, टर्बो जास्त फुंकतो.
गाडी विकताना काढून घ्या, कुणाला पत्ता नाही.

तयार फाइल आहे. कुणीतरी थंड देशात लिहिलेली,
तिकडच्या पेट्रोलवर. वीस मिनिटांत चढते.
मे महिन्यात महापे सिग्नलला तिचं काय होईल
ते मला विचारू नका.

किंवा मेंदूच बदला. नवा, कोरा.
त्याला काही म्हणजे काही येत नसतं,
एसी लावल्यावर श्वास कसा सावरायचा हेसुद्धा.
रेसवाले करतात. तुम्हाला ऑफिस आहे.

नाहीतर हाच ईसीयू, आणि मॅपचं एकेक घर
मी हातानं भरणार. आज रोलरवर,
मग आठवडाभर रस्त्यावर.
वेळ जाईल. पैसेही.

मी विचारलं, पॉवर कशात जास्त?

दादा ऑइलच्या उलट्या डब्यावर बसलेले.
एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला तुर्भ्यात,
रंगाच्या कारखान्यात. आता तिथे
खिडक्या नसलेली इमारत आहे, आत सर्व्हर.
ज्योत काळपट भगवी झाली की हवा कमी,
पांढरी, आखूड झाली की पैसा चिमणीतून वर.
ते उठून आले, इंजिनात वाकले:
यात बघायचं भोक कुठंय?

इक्लास हसला नाही.
स्क्रीनवरचा एक हलता आकडा दाखवला. हे, काका.
चौदा पूर्णांक सात हवा, एक पेट्रोल.
पूर्ण दाबल्यावर बारापर्यंत आणतो, थंड राहतं.
म्हणजे जरा भगवी ठेवणार, दादा म्हणाले,
आणि चष्मा काढून, पुसून, परत लावला.

तिसऱ्या फेरीला इक्लासचे हेडफोन दादांच्या कानावर होते,
वायरचं दुसरं टोक इंजिन ब्लॉकला.
रोलर ओरडत होता, पत्रे थरथरत होते,
मी फक्त वर चढणारी रेघ बघत होतो.
दादांनी हात वर केला.
स्क्रीन लाल व्हायच्या आधी.

खडा लागला, म्हणाले. भातात लागतो तसा.

इक्लासनं स्पार्क दोन अंश मागे घेतला.
नऊ हॉर्सपॉवर गेली.
मी काही बोललो नाही.

रात्री पाम बीच रोडला लॅपटॉप दादांच्या मांडीवर.
तिसरा गिअर. धर, म्हणायचे. धर. धर. सोड.
नेरूळच्या वळणावर सहज विचारलं,
किती झाले रे सगळे मिळून?

मी अर्धे सांगितले.
आकड्याकडे बघत ते हं म्हणाले,
आणि हेडफोन
कानावरून काढून ठेवला.