वीस तेत्री

लिफ्ट इथे नाण्यावर चालते, ग्लदानीच्या या ब्लॉकमध्ये.
वीस तेत्री टाकल्या की आधी नुसतीच खाकरते,
मग निघते.

त्सियालाबाई नवव्या मजल्यावर राहतात
आणि एकोणतीस वर्षांत त्यांनी तिला एक नाणं दिलेलं नाही.
पिठाची पोती, शिलाईचं मशीन, नातवाची सायकल,
सगळं जिन्याने.
नवऱ्याची शवपेटीसुद्धा.
'ती तशीही आत मावली नसती,' म्हणतात,
आणि नको तिथे मला हसू येतं.

त्या हिवाळ्यात वीज यायची आगंतुकासारखी,
चहाला आधण येईतो निघून जायची.
चौथ्या आणि पाचव्याच्या मधे पेटी थांबली.
हातात रॉकेलचा डबा, झाकण सैल,
अर्धं रॉकेल स्कर्टवर.
खिशात काडेपेटी होती. तीच तर गंमत.
सात तास त्या अंधारात
काडी ओढायची नाही
एवढं एकच काम करत त्या उभ्या राहिल्या.

माझं काम ऐकायला सोपं.
भीतीची उतरंड मांडायची
आणि वरचं लहान मडकं आधी उतरवायचं.
म्हणून पहिल्या दिवशी आम्ही पायरीवर बसून
नुसतं लिफ्टच्या दाराकडे बघितलं.
शेजारी येता-जाता आमच्याकडे बघत होते.
मग नाणं मुठीत धरलं, घाम येईपर्यंत.
मग आत, दार उघडं, मी सोबत.
मी मिनिटामिनिटाला विचारते, शंभरपैकी किती?
त्या आकडा सांगतात, बाजारात भाव सांगावा तसा,
घासाघीस नाही:
सत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी.
'काही होणार नाही' असं मी म्हणत नाही.
ते मला कुठे माहीत आहे?
मी म्हणते, थांबूया. बघूया काय होतं ते.

चौथ्या भेटीत दार बंद झालं
आणि दुसऱ्या मजल्यावर त्या अशा बाहेर पडल्या
की एक चप्पल आतच राहिली,
एकटीच नवव्यापर्यंत जाऊन आली.
तीन आठवडे फोन नाही.

मग एका गुरुवारी आल्या, नाडीचे बूट घालून.
गाठ दुहेरी.
आणि त्या दिवशी, रुमाल काढताना,
पर्समधली मेणबत्ती मला दिसली. शेजारी काडेपेटी.
चर्चमध्ये, नातीच्या लग्नात, दातांच्या डॉक्टरकडे,
इतकी वर्षं ती सोबत.
आमच्या प्रत्येक भेटीतही होती म्हणजे.
जोवर ती होती, तोवर तगल्याचं श्रेय तिचंच.
'द्या माझ्याकडे,' म्हटलं.
त्यांनी आधी काडेपेटी दिली.
मेणबत्ती अर्ध्या तासाने.

आत गेल्या. एकट्या. नाणं पडल्याचा आवाज.
मी खाली, तळहातात मऊ होत चाललेली मेणबत्ती,
दोराची कुरकुर ऐकत.
तिसरा. चौथा.
तिथे मधेच कुठेतरी माझाच आकडा नव्वद झाला
आणि विचारायला कुणी नव्हतं.

वर दार सरकलं.
'पंचावन्न!'
जिन्याच्या पोकळीतून तो आकडा
मजल्यामजल्याला आपटत खाली आला.

मी लिफ्टची वाट बघत राहिले. ती हलली नाही.
पावलं वाजली. त्या जिना उतरत होत्या.
माझ्या पोटात खड्डा पडला, म्हटलं गेलं सगळं पाण्यात.
सहाव्यावर पावलं थांबली. दार वाजलं.
'नाझीब्रोला राहते इथे,' वरून ओरडल्या,
'दम खायला रोज तिच्याच दारात टेकत आले.
माझं स्टूल बाहेरच असतं.
लिफ्टने थेट वर गेले तर तिला वाटेल, मेले मी.
या वर, कॉफी उकळतेय!'

मी खिसे चाचपले. पाच तेत्री, एक बटण,
कुणाचं तरी बसचं तिकीट.
सुटं नव्हतं.
चढायला लागले.