दोरीचं भोक

टेपचं एक टोक उजगरेकाकांच्या हातात,
दुसरं माझ्या.
तुरुंगाच्या भिंतीपलीकडून दहाचे टोले.
मंगळवारपासून चर्चची मापं घेतोय.

भिंत : दोन फूट नऊ इंच.
काळा दगड, चुना, वर पुन्हा चुना,
त्यावर अलीकडेच कुणी थापलेलं सिमेंट
आणि त्याच्या आत घामेजलेली भिंत.

टोकदार कमानीची खिडकी
विलायतेतल्या धुक्याच्या मापाने बेतलेली.
तिला झिलमिली बसवल्या इथल्याच कुणा सुताराने.
कमानीच्या टोकाशी पट्ट्या आखूड होत होत
चिमटीएवढ्या उरतात,
तिथे त्याची करवत थोडी चुकलीय.
मी चूक तशीच काढते.

"वर बघा. उलटी होडी."
सागवानी कैच्या, लाकडी खुंट्या, खिळा एकही नाही.
चेंदणीच्या होड्या बांधणाऱ्यांनीच बांधलं म्हणे छप्पर.
कागद आहे?
"आमचे आजोबा सांगायचे."
वहीत लिहिते : ऐकीव.

संगमरवरी पाट्यांवर ताप, पटकी,
एकोणीस वर्षांची कुणी हॅरिएट.
जुलै, ऑगस्ट, जुलै.
आमचा पाऊस त्यांना मानवला नाही.

आणि उत्तरेच्या भिंतीत, दाराहून उंच, हे भोक.
रुपयाएवढं. आरपार.
शिडी लावून व्हरांड्याकडून बघते :
खालची कड झिजून गुळगुळीत,
विहिरीच्या काठावर दोराने पाडावी तशी खाच.

"पंख्याची दोरी," खालून काका.
"झालरीचा पंखा होता. आत उपासना,
ओढणारा बाहेर."

बोट घालते. खाच डावीकडे कललेली.
म्हणजे तो त्या खांबाला टेकत असणार,
किंवा आडवा पडून
पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून.
प्रवचन त्याच्याकडे येत असेल
दोरीच्या कडेने उरेल तेवढं.

दाराला खूण आहे नकाशात, जिन्याला आहे,
ओल आलेल्या भिंतीलासुद्धा आहे.
झिजलेल्या दगडाला काय काढायचं
आम्हाला शिकवलं नव्हतं.

खोली मोजते. पाव इंचाला थोडी जास्त.
"हे मागितलंय का कुणी?"
नाही मागितलं.
काका टोक सोडतात, टेप सळसळत
माझ्या मुठीत शिरतो.

दुपारी, त्यांचा डबा उघडल्याचा आवाज येतो तेव्हा
मी भोक काढते,
त्यातून उतरणारी एक तुटक रेघ,
आणि व्हरांड्याची फरशी आखताना
रेघ संपते तिथे
बसण्यापुरती जागा कोरी ठेवते.