हनुवटीची टाच

साकाईतल्या गल्लीत, ओल्या दगडाचा वास असलेल्या खोलीत
फुमिए इंग्रजी पत्रक लिहितेय.
म्हातारा तोकुझो सुरी आडवी धरून
एकेक जागा दाखवतो. ही हनुवटी.
इंग्रजीत टाच म्हणतात, ती सांगते.
तो आपली हनुवटी चाचपतो,
मग वाकून टाच.

हे आढं, घराला असतं तसं.
तिकडे कणा.
"घर मोडून माणूस केला त्यांनी," तो म्हणतो,
"तोही उलटा."

गेल्या वर्षी एकच शब्द चुकला होता:
'हाडं सोडवायला' लिहायचं,
लिहिलं गेलं 'हाडं तोडायला'.
लीड्सहून सुरी परत आली, धारेला दाते पडलेले;
सोबत पत्रक, त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ.
बाकी अक्षर नाही.

तोकुझो काही बोलला नाही.
दोन दिवस धारेच्या दगडावर वाकून होता.
दाते गेले,
सुरी गव्हाभर अरुंद झाली.

आज पुन्हा तोच शब्द.
फुमिएने शब्दकोश मिटला,
खाली कोंबडीवाल्या हिगाकींच्या दुकानात गेली
आणि सांध्यात सुरी शिरताना
बघत राहिली.
आवाज होत नव्हता.

वर येऊन तिने आधी
'तोडू नये' लिहिलं.