नाकपुड्या बुडतील एवढं पाणी

मिरजेच्या बाजारातनं आणली तेव्हा सहा होती,
चपलेच्या खोक्यात,
आणि बाबालाल मुजावरनं एकच बजावलं होतं:
'वाटी खोल नको. नाकपुड्या बुडतील एवढंच पाणी.
कमी दिलंस तर नाक चोंदतंय,
जास्त दिलंस तर बुडत्यात.'
बदक बुडतं?
मी हसलो. तो नाही हसला.

छत्तीस वर्षं वायरमन होतो. हरिपूर, सांगलीवाडी, अंकली,
खांब नंबरानिशी पाठ.
म्हणून बल्ब तेवढा पहिल्या झटक्यात लागला:
साठ वॅट, पिवळा, टोपलीच्या वर वीतभर.
पिल्लं कडेला जाऊन पडली, चोची उघड्या.
चार बोटं वर घेतला.
मग एकमेकांत घुसून किरकिरायला लागली.
दोन बोटं खाली.
झोपली.
आपण नेमकी किती उबेची माणसं आहोत
हे मला कुणी कधी असं बोटांनी मोजून सांगितलं नव्हतं.

खाली पेपर अंथरला होता. चूक.
कागदावर पाय सरकतात.
तिसऱ्या दिवशी सगळ्यात फिकट पिल्लाच्या तंगड्या
दोन्हीकडं फाकल्या, बेडकासारख्या.
हळदीचं रिकामं पोतं फाडून अंथरलं,
त्याच्या पायांना चिंधी, चिंधीवर इन्सुलेशन टेप,
मध्ये बोटभर फट.
मालन दारातनं म्हणाली,
'फेज-न्यूट्रल नीट जोडलंय नव्हं?'
चार दिवसांनी टेप सोडली. चाललं.
मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी
दोनदा चहा पिलो.

दुसरी चूक मोठी.
बदकच आहेत म्हणून घमेल्यात सोडली, पाचव्या दिवशी.
काय पोहली! मालनला हाक मारून दाखवलं.
आईच्या पिसांचं तेल अंगाला लागल्याशिवाय
तो पिवळा कापूस पाणी पितो,
हे मला संध्याकाळी कळलं,
एक जण थरथरायचं थांबेना तेव्हा.
बुजलेल्या पेवाच्या कडेला खड्डा घेतला.
हातभर पुरेसा होता. मी दोन हात खणला.

त्याच आठवड्यात रात्री लाइट गेली.
जन्मभर लोकांच्या दारात लाइट आणून दिली मी,
शिव्या खाल्ल्या, एकदा नारळ मिळाला.
फोन केला नाही. पोरं पावसात खांबावर असणार, ठाऊक होतं.
पाचही बनियनच्या आत घेतली
आणि भिंतीला टेकून बसलो, हलायची सोय नाही.
पोटावर ओलं, गरम, मग पुन्हा ओलं.
पहाटे बल्ब पेटला.
त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

नजीरच्या बेकरीतनं रोज चिमूटभर यीस्ट,
पायांना बळ येतं म्हणून, भरड्यात कालवून.
नजीर विचारायचा, 'पाव करताय का घरी?'
हो म्हणायचो.

सातव्या आठवड्यात पिसं आली.
संगमाच्या घाटावर निघालो, मी पुढं,
मागं पाच जणांची ओळ, डुलत.
पायरीवर बाबालाल आधीच बसलेला.
पाण्यापाशी मी बाजूला झालो: जा.
थांबली.
नदीकडं नाही, माझ्याकडं बघत.

मला पोहता येत नाही.
दोन नद्यांच्या गावात जन्मून.
अकरा मीटरच्या खांबावर कधी पाय कापला नाही,
पण पुराच्या वर्षी बोटीत बसवलं तेव्हा
डोळे मिटून मालनचा पदर धरला होता.
हे पाच जणांना कसं सांगायचं?

खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याचं परमिट घेतात.
इथं कुणाकडं मागू.
पायजमा वर गुंडाळला.
एक पायरी. शेवाळ. दुसरी.
घोटा, पोटरी, गुडघा,
आणि शेजारून काहीतरी हलकं, पाच वेळा,
सुर्रकन पुढं गेलं.

'बास,' बाबालाल वरनं ओरडला, 'लई खोल नको!'
नाकपुड्या अजून बऱ्याच वर होत्या.
मी आणखी एक पायरी उतरलो.