हातोडी

प्रणित फालक जाताना एवढंच म्हणाला,
काका, सेटिंग तुमच्या मनानं ठेवा.
भर मे महिना, भुसावळ,
दुपारी दीडला कूलरसुद्धा धापा टाकतोय
आणि पडदा मला विचारतो:
झटपट, संपूर्ण, की निवडक?

झटपट मला कळतं.
बत्तीस वर्षं तेच केलं.
गाडी आत येताना रुळाकडेला उकिडवं बसायचं,
टॉर्च चाकांखाली,
थांबली की हातोडी घेऊन डब्यामागून डबा.
चांगलं चाक ठण् म्हणतं, मागे थोडं गुणगुणतं.
तडा गेलेलं नुसतं थद्द.
दहा मिनिटांत गाडी सोडायची.

संपूर्ण म्हणजे वर्कशॉप.
डबा उचलून, बोगी सोडवून, नट नट पुसून.
इथं अख्खी दुपार जाते, पंखा असा घरघरतो
की कुमुद आतून विचारते, मिक्सर कोणी लावला?

मागे रविवारी पहाटे तीनला लावलं होतं,
तीनला लाइटच नव्हती.
खाली बारीक अक्षरांत एक चौकोन सापडला:
चुकलेली तपासणी मशीन सुरू होताच करा.
खूण केली.
लेट गाडीचीही चाकं वाजवावीच लागतात.

पेन ड्राइव्ह लावताक्षणी बघ? हो.
लग्नाचे फोटो घेऊन येणारे साडू धरून, हो.

राहिलं शेवटचं, 'वगळा'.
कुमुदच्या बिबड्यांच्या हिशोबाचा प्रोग्राम,
लोकेशनं फैजपूरला शिकताना करून दिलेला,
दर वेळी लाल होतो.
कोणाला किती शेकडा, कोणाची उधारी,
सगळं त्यालाच पाठ.
टाका नं वगळून, ती म्हणाली, ओळखीचाच तं आहे.

माउसवर बोट ठेवून बसून राहिलो.
साहेबाच्या सलूनचं चाकही मी वाजवलेलं.
पण अठ्ठ्याऐंशीत एक वाघीण होती,
केळीची, रोजची, नंबर तोंडपाठ.
हातात चहाचा कप. म्हटलं, हिला काय बघायचं.
वरणगावच्या पुढं धूर दिसला म्हणून थांबवली.
कोणाला काही झालं नाही.
हे कुमुदला मी अजून सांगितलेलं नाही.

यादी रिकामीच ठेवली.
लोकेशला फोन केला, बाबा, तुझं ते एकदा नीट बघून दे,
तोवर वहीत लिहू.
आता ती वही शोधतेय, कपाटाची दारं आपटत,
मशीन घरघरतंय, एक्केचाळीस टक्के,
आणि मी डब्याशी कान नेऊन बसलोय.
काही ऐकू येत नाही तसं.