दावा सात, दावा बारा

म्युनिकला, इझारच्या काठी, सहाव्या मजल्यावर
माझ्या टेबलावर दोन अर्ज.
एक देजॉनहून, ओक जिन-सॉप यांचा.
दुसरा ओउलूहून, टेर्ही कोक्कोनेन या बाईंचा.
मधे अकरा दिवस.

दोन्हींत एकच लेखणी,
हवेत लिहिणारी
आणि हाताला पटवणारी, की खाली कागद आहे.
'सदर लेखणीच्या टोकाशी बसवलेली कंपनयंत्रणा
वापरणाऱ्यास, अस्तित्वात नसलेल्या पृष्ठभागाचा
रोध जाणवून देते.' हा बाईंचा दावा सात.
ओक यांचा दावा बारा तेच म्हणतो,
रोधाच्या जागी घर्षण
आणि एक स्वल्पविराम जास्त.

बाईंना हवी होती कातडी.
शिकाऊ डॉक्टरांनी व्हीआरचा चष्मा चढवून
नसलेल्या पोटावर पहिली चीर द्यावी
आणि कातडी संपून चरबी लागली
हे मनगटाला आधी कळावं.
ओक यांना हवा होता तुतीच्या सालीचा कागद,
ज्यावर कुंचला
ओढता ओढता जरासा अडतो.
आकृती चारमध्ये फक्त ते अडणं काढलंय.

मी रंग भरते. यांचा हिरवा, त्यांचा नारिंगी.
एकशे ऐंशी ते दोनशे वीस हर्ट्झ बाईंचे,
दोनशे ते दोनशे चाळीस ओक यांचे,
मधल्या विसात चिखल,
दोघांनीही एकमेकांचा बांध कोरलेला.

आमच्या कायद्यात एक कुशल माणूस असतो.
त्यानं सगळं वाचलेलं,
जुन्या बल्गेरियन यंत्रांची माहितीपत्रकंसुद्धा,
पण त्याला स्वतःला काही म्हणजे काही सुचत नाही.
दर अर्जाला विचारते, हे तुला सुचलं असतं का रे?
तो खांदे उडवतो.
तीस वर्षं झाली.
आता संसारच म्हणायचा.

हल्ली सुनावण्या पडद्यावर होतात.
बाई मात्र स्वतः आल्या, पेटी घेऊन.
त्यांचे वकील ब्रुकमायर नको नको म्हणेपर्यंत
लेखणी माझ्यासमोर.
'धरून बघा. कागद आणि कातडी एक नव्हे.'
नियमात बसत नव्हतं. धरली.
चष्म्यात एक पिवळसर पोट, बेंबीसकट.
ओढली. चीर पडली. दिसली.
हाताला काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी औषधांनी गाठ नेली
आणि जाताना बोटांची टोकंही.
ब्लाउजची बटणं मी बघून लावते,
चहा गरम आहे का, ते ओठांना विचारते.
ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.
कशाला सांगायचं?
मी तर वाचण्याचाच पगार घेते.

बाई वाट बघत होत्या. 'आलं ना?'
दाव्यात म्हटलंय, 'वापरणाऱ्यास'.
कोणत्या, ते नाही.
अस्पष्ट, असा शेरा मारता आला असता.
मारला नाही.
पुन्हा ओढली, जरा दाबून,
तेव्हा कोपराच्या आत, खूप आत
काहीतरी घुमलं,
शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तसं.

मी दोन्ही अर्ज परत चाळले.
बोट, अंगठा, तळवा, मनगट.
कोपर कुणीच मागितलं नव्हतं.
ना सातात, ना बारात.
आणि आता मागता येणार नाही:
तारीख पडली की अर्जात नवं काही शिरत नाही.
मी सांगणंही बरोबर नाही.

अहवालात लिहिलं, दावा सात, नावीन्य नाही.
अकरा दिवस.
खाली सही, जी हल्ली
डोळ्यांनीच करते.

बाईंनी टोकाला कापूस गुंडाळला, पेटी मिटली,
जाताना हात पुढे केला.
मी दोन्ही हातांनी धरला,
म्हणजे निदान वजन तरी कळतं.

सतरा नंबरच्या ट्राममध्ये
खिडकीच्या पट्टीवर कोपर टेकलं.
खाली रूळ बोलत होते.
माझा थांबा मागे गेला.