प्रकार: तातडीचं

फोन रात्री अकराला येतो.
मी आधी हो म्हणते, मग वय विचारते.

फॉर्मवर माझ्या घराचा प्रकार लिहिलाय: तातडीचं.
म्हणजे कपाटात सहा मापांचे पायजमे,
न फोडलेले टूथब्रश,
आणि जिन्याखालचा दिवा, जो मी विझवत नाही.

यान्तो आला तो बार्मथचं खारं वारं घेऊनच.
नऊ वर्षांचा. हातात कचऱ्याची काळी पिशवी,
तिच्यात त्याचं सगळं.
बूट काढेना.
"किती दिवस?"
मलाही सांगत नाहीत रे.

या व्यवहारातला तो माझ्यापेक्षा जाणता:
बँगरची बाई थोड्या मुदतीची,
मेंढ्यांवाले म्हातारा-म्हातारी नुसते शनिवार-रविवारचे,
आत्या नात्यातली, पण तिचंच घर सुटलं.
"आणि कायमचं?" मी विचारून बसले.
टोस्टच्या कडा तोडून त्यानं
ताटाच्या काठावर ओळीत लावल्या.
"ते मारेडला मिळालं. ती लहान होती ना."

सकाळी पलंगावरची चादर जशीच्या तशी.
तो गालिच्यावर, बुटांसकट,
दाराकडे तोंड करून.

दहाला गाडी.
मी त्याचे कपडे माझ्या निळ्या सुटकेसमध्ये भरले,
लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाची,
एक चाक किरकिरणारी.
"परत द्यायची?"
नाही. तुझीच.

त्यानं मान हलवली.
मग रिकामी काळी पिशवी उचलली,
मांडीवर सपाट केली, चार घड्या घातल्या,
खिशात कोंबली.
"लागते," म्हणाला.

चॅपेलच्या वळणावरच्या गाडीपर्यंत
ते चाक ऐकू येत होतं.